चित्रातलं दार

बंगळुरू, ४ मार्च

प्रिय बाबा,
सविनय जयभीम.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. दिवसभर पडद्यावर रंगवून डोळे थकतात, पण हे आईला सांगू नका. तिचा गुडघा कसा आहे?

आमच्या नव्या साहसी व्हिडिओ गेममध्ये मी रंगवलेलं आपलं बाळापूरचं घर इथे सगळ्यांत सुंदर चित्र ठरलं. मी पाठवलेलं ते चित्र पाहून तुम्ही मात्र फोनवर म्हणालात, "घर आपलंच हाय पोरी, पण दार बाहेर काहून उघडून राह्यलं?"

त्याचं उत्तर पत्रातच देते. तीन वर्षं घरी आले नाही, आणि आपलं दार आत उघडतं हेच विसरले, बाबा.

साहेब म्हणतात, कोणाच्या लक्षात येणार नाही, राहू दे. मी रजा घेतली आहे. शनिवारी आतून कडी लावू नका. मीच दार ढकलून आत येईन.

तुमची,
दीपमाला