वाकड्या आरशातली वाट

४ फेब्रुवारी
माझ्या हातचं: पोलादी गोळ्यांच्या शर्यतीसाठी सागवानी घसरणी दोन – एक सरळ, एक बाकदार. साबणाच्या पडद्यांसाठी तारेच्या चौकटी. सपाट आरसा, दोन खिळे, दोरा. आणि वर टांगायची पाटी, अक्षरंसुद्धा मीच कोरलेली – ‘निसर्ग नेहमी काटकसरीची वाट धरतो.’

कॉलेजचं तोंड पाहिलेलं नाही. पण एक सांधा उघडा दाखवा!

विज्ञान संग्रहालयाच्या संचालकबाई संच बघायला येणार. वाकडा आरसा तेवढा राहिलाय.

७ फेब्रुवारी
पत्र्याची पट्टी अर्धगोल वाकवली. आतली बाजू तोंड दिसेपर्यंत घासली.

८ फेब्रुवारी
वाकड्या आरशाची दोऱ्याने चाचणी.

एका खिळ्याशी दिवा, दुसऱ्याशी डोळा. आरशात दिवा दिसला तिथे खूण. दिवा–खूण–डोळा असा दोरा ताणून टोकं खिळ्यांना बांधली. आता खुणेवरून बाजूला सरकवला की तो अपुरा पडायला हवा. सपाट आरशावर पडतो. बायकोला धरायला दिला. शिवणकाम करते, ताण तिच्या बोटांना कळतो.

“अहो, हा ढिला पडतोय.”

“नीट धर.”

“नीटच धरलाय. या, तुम्हीच धरा!”

धरला. डावीकडे ढिला. उजवीकडे ढिला. म्हणजे प्रकाशाने आसपासची सगळ्यात लांब वाट धरली!

९ फेब्रुवारी
नवा दोरा. ढिलाच.

१० फेब्रुवारी
खुणेपासून केसभर सरकलं तर लांबीत फरक जवळजवळ पडतच नाही – दोन्ही आरशांत सारखं आहे ते एवढंच. आखूड की लांब, प्रकाशाला सोयरसुतक नाही. मी समजत होतो, या पसाऱ्यामागे कुणी हिशेबी बसलाय. माझ्यासारखा! त्याचा दाखला देऊन आयुष्यभर बायकोला दिवे मालवायला लावले.

“सापडला का तुमचा काटकसरी?” जेवताना तिनं चिडवलं.

“तिथे कुणी नव्हतंच गं.”

तिचं हसू थांबलं. पाण्याचा पेला पुढे सरकवला.

१२ फेब्रुवारी
संचालकबाई आल्या. साबणाचा पडदा बघून टाळ्या पिटल्या. मग दोरा हातात दिला.

“अय्या, खरंच ढिला!” थोड्या वेळानं, हळूच – “हा एवढा आरसा वगळू या ना. पाटी इतकी छान आहे. लोक खूश होऊन घरी जातील.”

पाटी छान आहे. तेच तर दुखणं!

१३ फेब्रुवारी
पाटी फोडली. मग संचालकबाईंना फोन केला. आरसा वगळून, पाटीसकट, माझ्या नावाचं कायमचं दालन देत होत्या. नाही म्हणालो. संचाचे चार लाख ऐंशी हजार मिळणार होते, त्यावर पाणी सोडलं.