मुग्धाच्या धाग्याला थुंकी

सोमवार, तात्यापारा

यांचा खोकला बसला. माझे गुडघे बरे. बरी नाही ती आमची नात मुग्धा, अन् तिला रडवलं मीच.

तिच्या लॅबमध्ये कोळी न पाळता कोळ्याच्या जाळ्याचं रेशीम करतात. जंतूंकडून रस करवून घ्यायचा अन् शेवया काढाव्या तसा धागा ओढायचा. कितीदा तुटून शेवटी एक जमला, तो मला दाखवायला डबीत घेऊन आली. उद्या साहेबांसमोर त्याची ताकद मोजायची होती.

ती चहा ठेवायला गेली. धाग्याचं टोक वळलेलं दिसलं. जन्मभर सुईत दोरा ओवलेला हात माझा, बोटाला थुंकी लागलीच. ओल लागताच धागा आखडून अर्धा झाला. मी गुपचूप डबी लावली. काहून लावली?

"मैंने ही गीला रखा होगा, आजी," डबी उघडून ती रडत म्हणाली.

"होते बेटा असं." हे मी म्हटलं? थुंकी माझी, अन् समजूतही मीच घालून राहिली. पोर उपाशीच लॅबमध्ये परत गेली, नवा धागा काढायला.

आत्ता फोनवर लिहून धाडलं: "पोट्टी, तुझं काही चुकलं नाही. थुंकी मी लावली होती. रागाव, पण लवकर लिही."