बुरुजातली मुलगी आणि बाहेरची कडी

३ जून
कारखान्यातून आलो, दाराची बाहेरची कडी काढली. श्रावणी टीव्हीपुढे. तेच कार्टून, बुरुजात कोंडलेल्या मुलीचं. बारावी झालेली पोरगी नि कार्टून! बोललो जरा. "पप्पा, दोन मिनिटं बसा की. तिच्या तोंडावर कायम गजांची सावली असते. आख्खं आभाळ एकदा पण दाखवलेलं नाही."
बसलो. खरंच नाही.

५ जून
पुण्याच्या ॲनिमेशन कोर्सचा फॉर्म पुन्हा माझ्या डब्याखाली. पालकाची सही हवी. शेवटची ता. १२. श्रावणीची आई पुण्याहून येतानाच अपघातात गेली. दोन वर्षं झाली. तेव्हापासून ती घरी असली की कामावर जाताना बाहेरून कडी लावतो. दुसरं काही सुचलंच नाही. फॉर्म घडी करून खिशात टाकला.

८ जून
नव्या चादरीचा नमुना मागावरून उतरला. श्रा.च्या नादानं नक्षीच्या ग्राफ-कागदावर पिंजऱ्यातून उडालेला पक्षी काढला होता. तीस वर्षं ग्राफ काढतोय आणि हेच विसरलो, की आपण अर्धंच चित्र काढतो, उरलेलं अर्धं मागावर आरशातल्यासारखं उलटं होऊन येतं. फुलांना चालतं ते. इथं झाले दोन पक्षी, मधोमध चोचीला चोच. जायला जागाच नाही. शेठ हसले. नमुना घरी आणला. श्रा. हसली नाही. "दोघं एकमेकांची वाट अडवून बसलेत."

९ जून
सुट्टी. तिच्याबरोबर चार भाग पाहिले. मुलीला कोंडणारी राक्षसीण वगैरे नाही, सख्खी मावशी आहे. बहिणीला वाऱ्यानं नेलं म्हणून वाऱ्याला भिते. किल्ली गळ्यात. श्रा.ला विचारलं, मावशी तर बाहेर अंगणात उभी आहे, मग तिच्या तोंडावर पण गजांची सावली का?
"तुम्हाला दिसलं?" एवढंच म्हणाली. किती दिवसांनी माझ्याकडे नीट बघितलं. मला राग आला. कुणाचा, ते कळेना.

११ जून
सकाळी कडी लावली नाही. तिला सांगितलंही नाही, नुसतं दार ओढून घेतलं.
पक्ष्याचा ग्राफ नव्यानं, आख्ख्या रुंदीचा काढायला घेतला. दुप्पट काम, शेठ ओरडणार. हात चालेना. सगळा जीव दाराशी. बाहेर पडली असेल का, रस्ता ओलांडताना...
संध्याकाळी आलो. दार सकाळी ओढलं होतं तसंच. श्रा. खिडकीशी चित्र काढत बसलेली.
विचारलं, कुठं गेली नाहीस?
"कडी असते की, पप्पा." मान वर न करता.
दिवसभर दाराला कडी नव्हती. तिनं एकदा ढकलूनही पाहिलं नाही.
फॉर्म अजून खिशातच आहे. उद्या बारा तारीख.