हिल्डाच्या पोटावरचे केस

आर्लिस,

जगात निरपराध माणसांवर आजवर पुष्कळ अन्याय झाले, पण मांजरीच्या पोटावरचे केस गेले म्हणून नवऱ्याला दोषी धरल्याचं माझ्या ऐकिवात नाही. पिसवा नाहीत, बुरशी नाही, ॲलर्जी नाही. मग जनावरांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हिल्डा ताणामुळे स्वतःला चाटत सुटलीय. घरात हल्ली काही बदललंय का?" आणि तू क्षणभरही न थांबता सांगितलंस, "हा एल्डन रिटायर झालाय ना! दिवसभर घरातच असतो." बाईंनी मान डोलावून ते लिहूनही घेतलं. वर गाडीत तू म्हणालीस, "तू कामावर जायचास तोवर तिच्या केसालाही धक्का लागला नव्हता."

ठीक आहे. तुम्हा दोघींच्या प्रकृतीसाठी मी तळ्याच्या बर्फावर, आपल्या मासेमारीच्या खोपटात जाऊन बसतो आहे. तिचे केस उगवेपर्यंत परतणार नाही. रात्रीच्या जेवणाची हॉटडिश ओव्हनमध्ये आहे.

फक्त एक कर. माझी कानटोपी माझ्या खुर्चीत राहिली आहे. बाहेर उणे वीस आहे, पण हिल्डा टोपीवर झोपली होती, तिला उठवणं काही माझ्याच्यानं झालं नाही. ती आपणहून उठली की तेवढी टोपी आणून दे.

एल्डन