शेवटची खिडकी मिटली की

आबा, मला तुमचा राग आलाय. तुम्ही गेलात, मग तुमच्या नातवाला, म्हणजे माझ्या पोराला, पोरगी झाली, ती शिकून कामाला लागली, एवढा काळ लोटला, तरी आलाय. मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. म्हणणाऱ्यांचे बाप चार गोष्टी सांगून गेले असतील. तुम्ही आम्हाला नुसते हुकूम दिलेत. विहिरीवरच्या मोटारीचा दांडा मी म्हणेन तेव्हाच खाली ओढ, आधी ओढलास तर हात मोडीन. का, असं विचारलं की, "तुला काय करायचंय?" ही तुमची शाळा. दुसरी शाळा तुम्हीच चौथीनंतर बंद केलीत, म्हणून हे अक्षर बैलाच्या मुतासारखं वाकडंतिकडं चाललंय. चालू दे. तुम्हाला कुठं वाचायचंय.

तुमची ही पणती हिंजवडीला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. मारुंजीला मैत्रिणींबरोबर खोली घेतलीय, सुट्टीला चाकणला घरी येते. काम काय करते ते ऐका, तुमच्या ओळखीत असलं काम कुणी केलं नसेल. कारखान्यातल्या मशिनीला आता बारक्या टीव्हीसारखा पडदा असतो. त्यावर आकडे आणि बटणं दिसतात, बोट लावलं की मशीन चालतं. ही चित्रं पडद्यावर आणून दाखवायला आत एक प्रोग्राम असतो, त्याला डिस्प्ले सर्व्हर म्हणतात. मोठ्या कॉम्प्युटरला मोठा, आणि मशिनीच्या डबीत मावेल असा एक बारका, हलका. तो सुरू करायची एक ओळ असते. त्या ओळीत त्याच्या नावापुढं आडवी रेघ मारून एकेक शब्द लिहितात. एका शब्दानं आडवा पडदा उभा होतो. एकानं पडद्यावर फिरणारा बाण दिसेनासा होतो. एकानं, कुणी हात लावला नाही तर पडदा किती वेळानं झोपायचा ते ठरतं. या शब्दांना ऑप्शन म्हणतात, आणि कोणत्या ऑप्शननं काय होतं ते लिहून ठेवणं हे पोरीचं काम. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा म्हटलं, एवढ्याला पगार देतात का गं? तर म्हणाली, "आजी, ज्यानं प्रोग्राम केला त्यानं निम्म्या शब्दांपुढं काही लिहिलंच नाहीये." मी म्हटलं, मग तो आमच्या आबांचाच भाऊ असणार.

आता तुमच्या नातसुनेचं. माझी सून गुणाची आहे, हे मी तिच्या तोंडावर कधी म्हणत नाही, पण आहे. ती इथंच एका कारखान्यात कंत्राटावर होती, रबराच्या वायसर दाबायच्या मशिनीवर. खंडेनवमीला मशिनींची पूजा असते, ते तुमच्याही वेळी होतं. तुम्ही कारखान्यात लेथ पुसून त्याला झेंडूची माळ घालायचात आणि त्या दिवशी कामासाठी कुणाला त्याला हात लावू द्यायचा नाहीत. आता पडद्यालासुद्धा कुंकू लावतात. सुनेनं मशीन पुसलं, रांगोळी काढली. पडद्यावर आदल्या दिवशीचे आकडे, आणि लाल चौकोनात कसली तरी चूक झाल्याचं वाक्य. असलं उष्टं समोर ठेवून पूजा कशी करायची, म्हणून तिनं बोट लावून ती खिडकी मिटली. खिडकी म्हणजे पडद्यावरचा तो उघडलेला चौकोन. आपण देव आंघोळीला काढतो तेव्हा आधी शिळी फुलं काढतो की नाही, तसं. खिडकी मिटली आणि सगळा पडदाच काळा झाला. वरच्या कोपऱ्यात एक बारकी रेघ लुकलुकत राहिली. सुनेच्या हातात ओल्या कुंकवाची वाटी, आणि मागं सुपरवायझर फेटा बांधून, नारळ घेऊन उभा.

सून म्हणाली, "साहेब, ती रेघ हलतीय बघा. जित्तं हाय ते."

तो म्हणाला, "तू गप. कुंकवाचं पाणी घातलंस आत." आणि शॉर्ट होईल म्हणून मेन स्विच पाडला. परत चालू करून बघायची त्याची छाती झाली नाही. सुट्टी संपल्यावर पडदा पुरवणाऱ्या कंपनीचा माणूस आला, त्यानंही चालू करून बघितलं नाही. जुनी डबी काढली, नवी बसवली, पाणी गेलंय म्हणून सांगून चहा पिऊन गेला. पुढं कंत्राटदारानं सुनेला गेटवरूनच माघारी लावलं. लाइनवरच्या बायका तरी गप बसतील, तर नाही. ज्यांच्याबरोबर ती रोज डबा खायची त्याच म्हणायला लागल्या, खंडेनवमीला मशीन मारलं बाईनं, वर्षभर आता कारखान्याला बरकत नाही. तुमचा नातू टेम्पो घेऊन बाहेरगावी, त्याला फोनवर कळलं, तर तो म्हणतो, जाऊ दे, दुसरीकडं बघ. दुसरीकडं गेली तर तिथंही गोष्ट तिच्या आधी पोचलेली. सून घरी आली, ओट्याला पाठ लावून उभी राहिली. रडली नाही. म्हणाली, "आत्या, माझ्याच हाताला वळण न्हाई का वो?"

हे वाक्य माझ्या ओळखीचं आहे, आबा. मला ते माझ्या सासूनं दिलं, आणि तिच्या हातात ते आयतं तुम्ही दिलंत.

पिंपरी कँपातलं ते भांड्यांचं दुकान आठवतंय का? माझं लग्न ठरलंय. पोरीला चुलीचा धूर नको म्हणून तुम्ही मला घेऊन पितळी पंपाचा स्टो घ्यायला आलाय. वस्तीत असा स्टो कुणाकडं नाही, तुमची छाती पुढं आलीय. दुकानदार हिंदीत भराभर बोलतोय, टाकीवरची एक बारकी चावी फिरवून दाखवतोय, सैल करतो, परत आवळतो. तुम्ही डोक्यावरची टोपी नीट करता आणि मान हलवता. समज गया, समज गया. मी मागं उभी, चकचकीत टाकीत माझं तोंड बघतेय. बाहेर आल्यावर मी विचारते, ती चावी कशाला वो आबा? तुम्ही म्हणता, "तुला काय करायचंय? काडी वडायची, पंप मारायचा."

सासरी गेल्यावर मी काडी ओढली, पंप मारला. बर्नर आधी तापवावा लागतो हे मला कोण सांगणार? रॉकेल तसंच पेटत वर आलं, जाळ पार शिंक्याला लागला. मी घाबरून आणखी पंप मारला, कारण तुम्ही तेवढंच शिकवलं होतंत. हवा सोडायची ती चावी माझ्या हातापासून वीतभर लांब होती. ती फिरवली असती तर जाळ बसला असता. भुवया गेल्या, उजव्या हाताची कातडी सोलून निघाली, ती जागा अजून थंडीत ओढते. सासू म्हणाली, पोरीच्या हाताला वळण नाही. आळीत दोन तट पडले, एक म्हणायचा सासरच्यांनीच पेटवली, दुसरा म्हणायचा पोरगीच वेंधळी. स्टोला कुणी काही म्हणालं नाही. तुम्ही बघायला आलात, हाताकडं बघितलंत आणि म्हणालात, "नीट करायला नगं का?" येताना केळी आणली होतीत. मला त्या केळ्यांचासुद्धा राग आहे.

तर पणती सुट्टीला आली, आईचं सगळं ऐकून घेतलं, आणि पहिल्यांदा हेच विचारलं की काळं व्हायच्या आधी तू नेमकं काय केलंस. हा प्रश्न तोवर कुणीच विचारला नव्हता, मीसुद्धा नाही. सुनेनं सांगितलं. पोरीनं लॅपटॉप ओट्यावर ठेवला, शेजारी मी मेथी निवडतेय. असाच एक बारका सर्व्हर तिनं चालू केला, त्यात एक खिडकी उघडली आणि मिटली. सगळं काळं. कोपऱ्यात रेघ लुकलुकतेय. सुनेच्या हातातलं लाटणं तसंच राहिलं.

"ह्याचा एक ऑप्शन असतो आई," पोरगी म्हणाली. "शेवटची खिडकी मिटली की आपणही बंद व्हायचं. तुझ्या मशिनीच्या ओळीत तो कुणीतरी घालून ठेवलाय. नुसतं बंद करून चालू केलं असतं तरी परत आलं असतं."

सून म्हणाली, परत कर. पोरीनं केलं. परत कर. असं किती वेळा करायला लावलं तिनं, तवा जळून धूर झाला तरी बघत राहिली. मग म्हणाली, "एवढंच हुतं, तर कुणी लिहून का न्हाई ठिवलं?"

का ठेवलं नाही तेही पोरीनंच सांगितलं. तिच्या कंपनीत या ऑप्शनपुढं तिला नीट चार ओळी लिहायच्या होत्या. तिचा वरचा साहेब म्हणाला, कशाला, नावावरूनच कळतं. हिनं विचारलं, मग हा शब्द घातला नाही तर शेवटची खिडकी मिटल्यावर काय होतं, सर? तर तो चिडला. म्हणाला, तुला दिलंय तेवढं कर. पोरगी त्याची नक्कल करून हसत होती. मला हसू आलं नाही. ज्याला माहीत असतं तो असा चिडत नाही, आबा. तो फार तर कंटाळतो. मेथीची जुडी माझ्या हातातच राहिली, आणि ते दुकान परत डोळ्यांपुढं आलं. तुम्ही टोपी नीट करताय, मान हलवताय. तुम्हाला त्या दुकानदाराचं एक अक्षर कळलं नव्हतं.

इतकी वर्षं मी समजत होते, तुम्हाला ठाऊक होतं आणि तुम्ही सांगितलं नाही. पोरीच्या जातीला कशाला सांगायचं, म्हणून. त्या रागाची मला सवय झाली होती. आता हा नवा राग आलाय, तो जुन्याहून वाईट आहे. मागं वळून त्या दुकानदाराला, भाऊ, परत एकदा सांगा, एवढं म्हणायचं होतं. तुम्ही लेथवर हाताखालच्या माणसांना घाम फोडायचात, आणि एका भांडीवाल्यापुढं तुमची जीभ उचलली नाही. तुमची मान ताठ राहिली, माझं कातडं गेलं. आणि नंतर हात बघायला आलात तेव्हा तरी म्हणायचंत, की बाई, ती चावी कशाची ते मलाच ठाऊक नव्हतं. मी सासूच्या तोंडावर सांगितलं असतं. माझ्या बापालासुद्धा माहीत नव्हतं, मग मला कुठून असणार? एवढ्यावर मी त्या घरात ताठ राहिले असते.

मायलेकी कारखान्यात गेल्या. सुपरवायझर आधी उभं करेना. पोरगी इंग्रजीत बोलायला लागल्यावर त्यानं खुर्ची दिली, हेही एक आहे. नव्या पडद्यावर सुनेनं स्वतः बोट लावून खिडकी मिटली. काळं झालं. बंद करून चालू केलं, सगळं परत आलं. तो म्हणे वर पंख्याकडं बघत होता. माफी काय मागतोय. म्हणाला, पडद्याच्या ओळीतल्या शब्दांचा मराठीत एक कागद करा, लाइनवरच्या बायकांना वाचता येईल असा. पडदे आता उभे बसवायचेत, तेही त्यात लिहा. कागद मशिनीला लागला की हिला घेतो कामावर. म्हणजे त्याची चूक, आणि काम आमच्या पोरीला.

पण तिनं केलं. मन लावून केलं. एकेक ओळ लिहायची आणि मला वाचून दाखवायची. म्हणाली, आजी, तुला कळलं की लाइनवर सगळ्यांना कळेल, तूच माझी परीक्षा घे. मी घेतली. 'क्लायंट समाप्त झाल्यास' असं लिहिलं होतं, मी म्हटलं, कोण समाप्त झालं, कुणाचं तेरावं आहे? तिनं खोडून 'शेवटची खिडकी मिटली तर पडदा काळा होतो. तुमची चूक नाही. बंद करून चालू करा' असं लिहिलं. 'तुमची चूक नाही' हे मी घालायला लावलं. कंपनीच्या कागदात असं लिहीत नाहीत म्हणत होती. मी म्हटलं, म्हणूनच लिही.

मग उभ्या पडद्याची ओळ आली. 'पडदा उभा केल्यास स्पर्शाची दिशाही तशीच वेगळी द्यावी.' वाचून तिनं माझ्याकडं बघितलं. "कळलं ना, आजी?" सून पोळी टाकायची थांबून लेकीकडं बघत होती. खंडेनवमीपासून तिच्या तोंडावर तसला उजेड मी बघितला नव्हता. मी डोक्यावरचा पदर नीट केला आणि मान हलवली. कळलं, म्हटलं. वाच पुढं.

आबा, मला काही कळलं नव्हतं. स्पर्शाला कसली दिशा, आणि ती कुणी कुणाला द्यायची? उद्या सकाळी तो कागद प्लास्टिकात घालून मशिनीला चिकटवणार आहेत. त्याखाली एखादी बाई उभी राहील, तिलाही ती ओळ कळणार नाही, पडद्यावर बोट लावील, भलतंच काहीतरी होईल, आणि मागून कुणीतरी म्हणेल, हाताला वळण नाही.

हे लिहिलंय ते पोरीच्याच खोडलेल्या कागदांच्या पाठीवर. कुठं धाडायचं नाही. तुमचा स्टो माळ्यावर आहे, त्याखाली सरकवीन. पोरगी आत न्हातेय. बाहेर आली की तिला म्हणायचंय, की बाई, ती उभ्या पडद्याची ओळ मला कळली न्हाई, मी उगाच मान हलवली. मघाशी ओट्यापाशी हळूच म्हणून बघितलं, तर जीभ खरंच जड होते. तुम्हाला त्या दुकानात किती जड गेलं असेल ते आज कळलं. म्हणून राग गेलाय असं समजू नका.

न्हाणीतलं पाणी थांबलं. उठते.