रिसीप्टमधला पी

५ जुलै १९८३, मद्रास
क्लासचा तिसरा दिवस. ऑफिसनेच पाठवलंय, फोनवर माझं इंग्रजी गिऱ्हाइकांना कळत नाही म्हणे. काल सगळ्यांकडून एकच उतारा वाचून घेतला, आज टेप ऐकवली, नावं न सांगता. एक बाई ठणठण वाचत होती, एकेक अक्षर आपटत. सगळे हसले. मीही हसले. मग ती बाई खोकली. खोकला माझा.
अड्यारच्या क्लासवरून घरापर्यंत बसमध्ये मान वर केली नाही.

७ जुलै
क्लासच्या बाईंनी चुका सांगितल्या. वेडनेसडे नाही, वेन्झडे. प्लंबर नाही, प्लमर. रिसीप्टमधला पी म्हणायचाच नाही. ऑफिसात दिवसभर तोच शब्द तोंडात असतो माझ्या.
आणि हे सगळं अण्णांनी शिकवलेलं. वडीलच इंग्रजीचे मास्तर, वाईला जन्म गेला त्यात. लिहिलेलं अक्षर गिळायचं नाही, हा त्यांचा दंडक.
हल्ली ते आमच्याकडेच असतात. घरी बोलायचं नाही.

१० जुलै, रवि.
बोलावं लागलं. स्वयंपाकघरात रिसीट, रिसीट घोकत होते. बाहेर अण्णा खालच्या मजल्यावरच्या मुलांची शिकवणी घेत होते. तिथूनच म्हणाले, पी कुठे गेला? म्हटलं, तो म्हणत नाहीत अण्णा. आधी हसले. मुलं गेल्यावर डिक्शनरी काढली. मी कंसातला उच्चार दाखवला.
"हे होय? हे मी कधी वाचलंच नाही. मला वाटायचं, छापणाऱ्यांच्या खुणा असतील."
चेष्टा करतायत वाटलं. मग चेहरा पाहिला आणि...
जेवले नाहीत.

१२ जुलै
शिकवणी बंद. मुलांना तब्येतीचं कारण सांगितलं. यांचं म्हणणं, होतील ठीक.
संध्याकाळी गॅलरीत बसून अण्णांनी माने नावाच्या एका जुन्या विद्यार्थ्याची गोष्ट सांगितली. वर्गात पहिला येणारा मुलगा. मुंबईला इंटरव्ह्यूला गेला, बोलायला लागला की साहेब लोक तोंड दाबून हसत. का, ते त्याला कळेना. परत येऊन मास्तरांनाच विचारलं. अण्णा त्याच्यावरच रागावले, घाबरला असशील म्हणाले. पुन्हा कुठे अर्जच केला नाही त्याने. वाईतच एका दुकानात लागला.
चहा केला. तसाच निवला.

१५ जुलै
ऑफिसातून आले तर अण्णा घरात नाहीत. यांनी जवळच्या मांबलम स्टेशनपर्यंत जाऊन पाहिलं. दिवेलागणीला आपले आपण आले. तमिळचा एक शब्द येत नाही, तरी एकटे लोकलने पार्क स्टेशनला उतरून समोरच्या सेंट्रल स्टेशनवर गेले होते. पुण्याचं तिकीट काढलंय. तिथून वाई.
माने अजून तिथेच आहे का, ओळखेल का, काही ठाऊक नाही.
"भेटला तर काय सांगणार?"
"घाबरला नव्हतास, एवढंच."
परवाची गाडी. परत कधी, विचारलं. पिशवीत धोतर भरत राहिले.