'वाफ'मधला खालचा सूर

प्रिय घुमे,

आपली 'वाफ' पुन्हा निघते आहे, हे त्या रेकॉर्ड कंपनीच्या माणसानं तुलाही कळवलं असेलच. मला अजून खरं वाटत नाही. मावशीच्या लाँड्रीवरच्या खोलीत, खाली मशिनं घुमत असताना, आपण दोघी मावसबहिणींनी एका उसन्या कीबोर्डवर केलेला तो अल्बम! आठवतं ना, खपला नाही म्हणून मावशीनं शेवटी सीडी गिऱ्हाइकांच्या इस्त्रीच्या कपड्यांत घालून वाटल्या होत्या, आणि एक बाई परत आली होती, "हे चुकून आमच्या गठ्ठ्यात आलंय हो" म्हणत. मावशी तिच्यावर अशी उखडली, जणू ती सीडी स्वतः मावशीनंच केली होती. छापून काय ते एकदाच आलं, तेही 'फ्रिज बिघडला की साधारण असाच आवाज येतो' एवढंच. आपण पोट धरून हसलो. पुढे तू पाणीपुरवठ्याच्या पंपांवर नोकरी धरलीस, मी नाट्यगृहात ध्वनी सांभाळायला लागले, आणि कुणी विचारलं तर 'लहानपणी काहीतरी वाजवायचो' म्हणायची सवय लागली. तेव्हा आपण चांगल्या पंचविशीत होतो, पण लहानपणावर ढकललं की लाज कमी वाटते.

आता एका बाईनं त्यावर भलामोठा लेख लिहिलाय. तू वाचलास का? वाचला असलास तरी सांगणार नाहीस, घुमी ती घुमीच. ती लिहिते, हा अल्बम चुकीच्या काळात जन्मला. यात गाणं शोधायला जाल तर हाती काही लागणार नाही, ओल्या कपड्यांच्या खोलीत बसल्यासारखं त्यात बसून राहावं लागतं. वाचून माझी छाती फुगली. मग पुढच्या ओळी आल्या. या अल्बमचा जीव वरच्या किणकिणीत नाही, खालच्या सुरात आहे, म्हणे. वरचं सगळं नक्षीकाम. खरं सांगू? मी तो कागद उलटा करून ठेवला. वरचं माझं होतं, घुमे. मावशी मला टिटवी म्हणायची ती उगाच नाही. मला कायम वाटत आलं होतं की तू एक सूर धरून बसायचीस आणि अल्बम मी करायचे. या वयात, केस पिकल्यावर, बहिणीचं कौतुक वाचून पोटात दुखावं! चहा गार झाला तरी मी त्या कागदाकडे बघत होते.

तरीही कंपनीनं जुन्या टेपा साफ करायला स्टुडिओत बोलावलं तेव्हा नटूनथटून गेले. लेकीनं गाडीनं सोडलं आणि ऐकायला म्हणून मागे सोफ्यावर बसली. तिथला तंत्रज्ञ आपल्याच वयाचा, दाढीवाला, फार अदबीचा. त्यानं तिसरा तुकडा लावला, 'इस्त्री'. तोच, ज्यात पहिल्यापासून शेवटपर्यंत माझी किणकिण आहे. मी म्हटलं, वरचा आवाज दबलाय, जरा चढवा. त्यानं चढवला. मी म्हटलं, अजून. त्यानं माझ्याकडे एकदा बघितलं आणि चढवला. मी म्हटलं, टेप जुनी झालीय का हो, अजून थोडा. तेवढ्यात मागून लेक ओरडली, "आई, पुरे! कानठळ्या बसतायत!" वळून बघितलं तर तिनं दोन्ही कानांवर हात घट्ट धरले होते. समोरच्या पडद्यावर माझ्या सुरांची रेघ पार वर जाऊन टेकली होती. मला मात्र ती किणकिण ऐकू येत नव्हती, गं. जराही नाही. त्या माणसानं अलगद बटण खाली आणलं आणि म्हणाला, "आपण आधी जेवून घेऊ या का?" त्यानं काही विचारलं असतं तर मी भांडले तरी असते. त्याच्या त्या समजूतदारपणानं मला जमिनीत गाडलं. जेवताना तो लेकीशी तिच्या नोकरीबद्दल बोलत राहिला आणि मी डबा उघडून नुसती बसले होते.

हे अचानक झालं असं सांगितलं तर ते खोटं ठरेल. गेल्या हंगामात ऐन प्रयोगात माईक शिट्टी मारायला लागला. नट बोलायचा थांबला, पहिल्या रांगेतल्या आजी उठून उभ्या राहिल्या, आणि मी माझ्या आवाज लावायच्या खोक्यामागे निवांत. कुणीतरी धावत येऊन खांदा हलवला तेव्हा मला कळलं. मी म्हणाले, वायर खराब आहे. सगळ्यांनी मानलं, कारण मी तिथली सगळ्यात जुनी. चांगली वायर टाकून नवी आणली गेली. त्यानंतर मी लोकांच्या चेहऱ्यांकडे बघून आवाज लावते. भुवया चढल्या की कमी करायचा, माना पुढे आल्या की वाढवायचा. ज्या कामात कान विकून पोट भरायचं, त्यात मी डोळ्यांवर दिवस काढतेय. स्टुडिओच्या प्रकारानंतर लेकीनं हात धरून कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, वरच्या पट्टीतले बारीक आवाज गेलेत, ते परत यायचे नाहीत, राहिलेले सांभाळू. यंत्र लावायचं म्हणाले. मी 'बघते' म्हणून आले.

घरी येऊन दार लावून घेतलं आणि आपली जुनी सीडी पहिल्यापासून ऐकली. माझं सगळं गेलेलं होतं, पाटी पुसल्यासारखं. उरलीस ती तू. आधी रडू आलं, मग रडता रडता कान द्यावे लागले. 'इस्त्री'मध्ये तू एक सूर धरून बसली आहेस असं मी जन्मभर समजत होते. तो एक नाही, घुमे! तो सरकतो. इतका सावकाश की सरकताना पकडता येत नाही. सुरुवातीला खोलीत कुणी नुकतंच आल्यासारखं वाटतं, आणि शेवटी कळतं की ते माणूस केव्हाच निघून गेलंय, नुसती ऊब राहिलीय. हे तू मुद्दाम केलंस? तेव्हा बोलली का नाहीस? मी शेजारीच तर बसले होते, माझी बोटं नाचवत. त्या लेखवाल्या बाईचं खरं आहे. आपला अल्बम चांगला आहे, आपल्याला वाटलं होतं त्याहून कितीतरी चांगला, आणि त्यातलं जे चांगलं आहे ते मला माझे सूर गेल्यावर ऐकू आलं. त्या दाढीवाल्याला मी सगळं खरं काय ते सांगून आले. म्हटलं, वरचं काही चढवू नका, आणि पुढचं घुमी ऐकून ठरवेल.

पण एवढ्यासाठी मी लिहायला बसले नाही. तू मागे फोन केला होतास ना? बराच वेळ बोलत होतीस. फोनवर मला आता आवाज कळतो, शब्द कळत नाहीत. स, श, त, सगळे गळून पडतात. तुझ्या आवाजावरून मला वाटलं की तू अल्बमबद्दल काही सांगते आहेस. "परत सांग" म्हणायची लाज वाटली, म्हणून मी अंदाजानं हसले आणि म्हणाले, "अगं वा, छानच झालं की! पेढे कधी देतेस?" तू थांबलीस आणि फोन ठेवलास. तेव्हापासून तुझा फोन नाही. काल लेकीनं सहज विचारलं, "आई, घुमीमावशीच्या गाठीची तपासणी झाली का गं?" तिला तुझ्या मुलाकडून कळलं होतं. माझ्या हातातलं भांडं तसंच नळाखाली भरून वाहत राहिलं. घुमे, जन्मात कधी आपणहून चार वाक्यं न बोलणारी तू, ते सांगायला मला फोन करतेस, आणि मी तुझ्याकडे पेढे मागते. तू काय समजली असशील, याचा विचारही करवत नाही. मला ऐकू आलं नव्हतं. एवढंच लिहायचं होतं, आणि तेवढ्यासाठी किती पानं फिरून आले बघ. शनिवारी सकाळच्या गाडीनं मी येते आहे, तू नको म्हणालीस तरी. मला खिडकीपाशी उजेडात बसव, माझ्याकडे तोंड करून बस, आणि पहिल्यापासून सांग. कळलं नाही तर या वेळी मी परत विचारीन.

तुझीच,
टिटवी